पांढरी दोन इंच खाली

रवि. १७ नोव्हें. ९६, अमळनेर

सकाळी अभिचा फोन. दिवाळीनंतरचा पहिलाच. दिवाळीला आला नाही. "सुट्टी नाही" म्हणाला. पुण्यात त्याची अख्खी कंपनी दिवाळीत बंद असते, हे मला माहीत आहे, आणि मला माहीत आहे हे त्यालाही माहीत आहे. असो.

आधी नेहमीचं झालं. कशी आहेस? बरी. मिल? चालू. गुडघे? आहेत. ह्यांना जाऊन दोन वर्षं झाली, तेव्हापासून पोटच्या पोराशी बोलायला मला विषय शोधावा लागतो. फोन ठेवायच्या बेतात होता, तेवढ्यात मी सांगून टाकलं की परवा जानव्याच्या वळणावर म्हैस आडवी आली आणि आपली गाडी, पांढरी, रस्ता सोडून बाभळीत शिरली. मला काही झालं नाही, एक दिवा तेवढा फुटला.

त्याचा आवाजच बदलला. स्पीड किती होता, स्टिअरिंग किती फिरवलंस, मागचं अंग डोललं का? म्हटलं, ती नेहमीच डोलते, बैलगाडीसारखी. "आई, सस्पेन्शन गेलंय तिचं! रोज धुळ्याला जातेस नि मला हे आत्ता सांगतेस?" मग जो सुरू झाला तो थांबेना. स्प्रिंगा बदलायच्या, गाडी दोन इंच खाली आणायची, म्हणजे वळणावर डोलणार नाही. मला निम्मं कळलं नाही. चहा गार झाला. पण बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

मंगळ. १९ नोव्हें.

धुळ्याअलीकडच्या आमच्या तेलाच्या मिलवर भुईमुगाच्या शेंगांच्या गाड्यांची रांग पार हमरस्त्यापर्यंत. शेंगा ओल्या, मातीने लडबडलेल्या. दुपारी लाइट नाही. लाइट आली तर पट्टा तुटला. "वहिनी, वहिनी" ऐकून कान किटले. मिल ह्यांची, मिलचं सगळं ह्यांना पाठ. मला अजून विचारून विचारून करावं लागतं आणि वर चेहरा असा ठेवावा लागतो की मला ठाऊकच होतं.

संध्याकाळी पांढरी काढून परत. येताना प्रत्येक फाट्यावर गावकऱ्यांनी आपापला स्पीडब्रेकर घातलेला, कुठे मातीचा, कुठे दगडगोटे टाकून केलेला. ह्यांनी ही जर्मन गाडी मुंबईच्या एका पार्टीकडून हौसेने घेतली, वर्षभरही बसले नाहीत तिच्यात. राहिले मी. रोज जाऊन येऊन कंबर बोलते.

रवि. २४ नोव्हें.

नऊला फोन. जवळच बसले होते, पण जरा वाजू दिला.

"कॉइलओव्हर." मी त्याला दोनदा म्हणायला लावलं. म्हणजे शॉकॲब्झॉर्बरच्या नळीवरच स्प्रिंग चढवलेली. नळीला आटे, त्यावर एक रिंग. पान्याने रिंग फिरवली की गाडी हवी तशी वर नाहीतर खाली. चार चाकांना चार. मुंबईचा एक माणूस परदेशातून मागवून देतो. इथे लिहिताना मी कॉ.ओ. लिहिणार, एवढं लांबलचक रोज कोण लिहीत बसेल.

म्हटलं, धुळ्याचे युसुफभाई मिस्त्री तर म्हणतात, गॅसने स्प्रिंगची दोन वेटोळी कापून देतो, दुपारपर्यंत गाडी खाली. अभि ओरडलाच. "त्यांना हात लावू देऊ नकोस! कापलेली स्प्रिंग, त्यात शॉक जुने, खड्ड्यात उसळून मरशील." मरशील म्हणाला आणि घाईने विषय बदलला. मग म्हणाला, प्रत्येक चाकापाशी जमिनीपासून मडगार्डच्या कडेपर्यंत माप घेऊन ठेव.

बुध. २७ नोव्हें.

ब्लाउज बेततो त्या टेपने मापं घेतली. गुडघे वाकेनात, मग सरळ फरशीवर बसले. नाना, माझे मोठे दीर, शेजारच्या घराच्या पायरीवर येऊन उभे. "हाई काय नवं काढं पोऱ्यानी?" सांगितलं. "लोकं गाडी उची करतस आन हाऊ खाली करस! आपला रस्ता पाह्या का त्यानी?" पाहिलाय म्हटलं, लहानपणापासून ह्याच रस्त्यावर उलट्या करत गेलाय.

मागची मापं पुढच्यापेक्षा कमी भरली. डिकी उघडली तेव्हा कारण कळलं. तेलाचे डबे, ढेपेचं पोतं, नानांची घडीची खुर्ची, पाण्याचा कॅन. रिकामी डिकी घेऊन आमच्याकडे कोण गाडी चालवतं?

रवि. १ डिसें.

आता दोन कॉ.ओ. समोर आहेत. एकाच्या स्प्रिंगा पिवळ्या, एकाच्या निळ्या. पिवळी कडक, गाडी रस्त्याला चिकटून चालते, पण खड्डा सरळ मणक्यात. निळी जरा मवाळ. वळणावर थोडी डोलेल, पण रोजच्या वापराला बरी. दोन्हींत गाडी दोन इंच खाली येते. अभिला पिवळी आवडते हे आवाजावरून कळतं, तोंडाने म्हणतो, "तू ठरव, चालवणार तू."

मला काय, मी आत्ताच निळी म्हणाले असते. पण म्हणाले, विचार करून सांगते. तसं म्हटलं की पुढच्या रविवारी फोन आलाच.

शुक्र. ६ डिसें.

दमले. आज मिलमधून लवकर निघून युसुफभाईंकडे गेले. गाडीला काहीच झालेलं नव्हतं. प्रश्न गोळा करायला गेले होते, लाज वाटते लिहायला. ते गाडीखालून बाहेर येऊन म्हणाले, "भाभी, हे सगळं तुमी कायको विचारता? मुलगा इंजिनियर आहे ना?" म्हटलं, तुम्ही सांगा हो. मग सांगितलं त्यांनी. आपल्याकडची धूळ त्या आट्यांमध्ये बसेल, पावसाळ्यात रिंग जाम होईल, मग हातोडा मारला तरी फिरणार नाही. झाकण पाहिजे, नाहीतर ग्रीस. घोकत घरी आले.

रवि. ८ डिसें.

धुळीचं विचारलं. "आई, हे तुला कोणी सांगितलं?" मी म्हटलं, मला काय अक्कल नाही? हसला. ह्यांच्यासारखं हसतो, शेवटी श्वास आत ओढून. दोन वर्षांत मी ते ऐकलं नव्हतं. मला डोळे पुसावे लागले, त्याला वाटलं लाइनच खराब आहे, हॅलो हॅलो करत बसला.

रबरी झाकणं मिळतील म्हणाला. पिवळी की निळी पुन्हा चाललं. स्पीडब्रेकर किती उंच, ढेपेचं पोतं नेहमी असतंच का, नाना किती वेळा बसतात. मी प्रत्येकाला लांबण लावत होते.

आता गाडीचं वजन हवंय. पुढच्या चाकांवरचं वेगळं, मागच्या चाकांवरचं वेगळं. नेहमीचं सामान डिकीत, टाकी अर्धी, आणि मी आत बसलेली. त्या वजनाप्रमाणे स्प्रिंगा बनवून येणार. एकदा ऑर्डर गेली की परत घेत नाहीत. "नीट घे, आई." काटा तर आपल्या दारातच आहे म्हटलं, त्यात नीट काय घ्यायचंय?

गुरु. १२ डिसें.

वजन झालं. मिलच्या गेटजवळचा भुईकाटा, ज्यावर शेंगांच्या गाड्या नि ट्रक मोजतात, त्यावर सकाळीच पांढरी चढवली. काट्यावर सुकलालभाऊ. सासऱ्यांच्या वेळेपासून काटाघरात तेच बसतात. मी स्टिअरिंगवर. आधी पुढची चाकं काट्यावर, मग पुढे घेऊन मागची. त्यांनी खिडकीतून आकडे ओरडून सांगितले, मी हातावर लिहिले. मागे शेंगांच्या गाड्या खोळंबलेल्या, त्यातला एक म्हणतो, "वहिनी, गाडी इकतस का काय वजनवर?" सगळे हसले. मीही हसले, दुसरं काय करणार.

रवि. १५ डिसें.

आकडे दिले. "मागून हलकी आहे की, मला वाटलं होतं त्यापेक्षा," म्हणाला. तुला काय काट्यापेक्षा जास्त कळतं का म्हटलं. बरं म्हणाला.

निळी ठरली. त्यानेच ठरवली शेवटी. "तुझ्या कमरेला पिवळी झेपणार नाही." आता आणखी काय विचारावं हे मला सुचेना. म्हणून विचारलं, बसवायला येशील ना?

"मी कशाला हवा? युसुफभाईंना फोनवर सांगतो. रिंग कितीवर ठेवायची एवढंच तर आहे."

बुधवारी ऑर्डर जाणार.

मी एवढे दिवस समजत होते की हे सगळं झालं की तो येईल. त्याने तसं एकदाही म्हटलं नव्हतं. मीच मनाशी धरून बसले.

मंगळ. १७ डिसें.

आज काटाघराबाहेर भांडण. एक शेतकरी म्हणत होता, माती एवढी नाही, कट्टी एवढी का कापता? सुकलालभाऊ म्हणत होते, हात घाल पोत्यात, बघ. रोजचंच आहे. शेंगांना माती असते, ओल असते, म्हणून काट्यावर जे भरतं त्यातून ठरलेलं वजन कापून मगच आकडा सांगायचा, ती कट्टी. गाडीवर गाडीवान बसलेला असला तर तोही वजा. आमच्या काट्यावर पुरं वजन तोंडाने सांगायची पद्धतच नाही. जे सांगायचं ते कापून.

मी ऐकत उभी होते. शेतकरी गेल्यावर विचारलं, सुकलालभाऊ, आमच्या पांढरीची पण कट्टी कापली का?

"मंग! काट्यावर गाडी उनी का कट्टी लागसच. चाकंले केवढी माटी व्हती."

आणि मी आत बसले होते ते?

ते जरा ओशाळले. "गाडीवान वजा करनाच पडस, वहिनी. तुमले कसं मोजू मी? बरं नई दिखस."

आणि हे सगळं कापलं कुठून, तर मागच्या चाकांच्या वजनातून. पुढचा आकडा आधीच ओरडून झाला होता ना! सगळं मिळून सव्वाशे किलोच्या आसपास. मी आधी खदखदून हसले, तिथेच, चाऱ्याच्या गंजीला टेकून. सुकलालभाऊ बघत राहिले. मला मोजणं त्यांना शोभेना म्हणून मी गाडीतून नाहीशी! आणि मला तरी कुठे सुचलं? रोज काट्यावरचे आकडे ऐकते, ते कापलेले असतात हे मला झोपेतही ठाऊक आहे, आणि पोराला मी तेच दिले.

हसून झाल्यावर मात्र लक्षात आलं. मागच्या स्प्रिंगा मऊ येणार. गाडी मागून बसणार. उद्या सकाळी ऑर्डर जायच्या आधी त्याला ऑफिसात फोन करायला हवा.

बुध. १८ डिसें.

केला.

"बोल पटकन आई, मुंबईचा माणूस दुसऱ्या लाइनवर आहे. काही राहिलंय का सांगायचं?"

नाही, म्हटलं. स्वेटर घालत जा.

ठेवला.

माझ्या हातून काय झालं ते मला कळतं. विसरले नाही, घाबरले नाही. स्प्रिंगा चुकीच्या आल्या तर त्याला यावं लागेल, एवढंच डोक्यात होतं. लिहून ठेवते, उद्या मीच स्वतःला काहीबाही पटवून देईन म्हणून.

रवि. २२ डिसें.

फोन आला. कशी आहेस? बरी. मिल? चालू. ऑर्डर गेली. महिना-दीड महिना लागेल. ठेवू?

ठेव.

मंगळ. १४ जाने. ९७

संक्रांत. तिळगुळाचं पार्सल गेल्या आठवड्यातच टाकलं, पोचलं म्हणाला. सांगायला तोंड उघडलं होतं. "अभि, त्या वजनाचं..." तर म्हणे, "आई, आता ते झालं. डोक्याला ताप नको करून घेऊस." मी नाही करून घेतला.

थंडीने गुडघे धरलेत. सकाळी क्लच दाबताना जीव जातो. नाना म्हणतात ड्रायव्हर ठेव. ठेवला तर मग मी करू काय, मागे बसून माळ ओढू?

शनि. ८ फेब्रु.

गुरुवारी खोकी आली, आज धुळ्याला बसवलं. दिवसभर युसुफभाईंच्या गॅरेजमध्ये लोखंडी स्टुलावर बसून. फोनवर अभि आणि युसुफभाई बोलत होते, मला कुणी दिला नाही. "हां हां बेटा, समझ गया, रिंग चौथ्या आट्यावर." निळ्या स्प्रिंगा खरंच सुंदर दिसतात, खेळण्यासारख्या.

गाडी जॅकवरून उतरवली. पुढून हवी तेवढी खाली आली. मागून आली ती येतच राहिली. युसुफभाईंनी डोकं खाजवलं. रिंग फिरवून फिरवून वर नेली, शेवटच्या आट्यापर्यंत. मग उभी राहिली जेमतेम. "भाभी, डिकी खाली, एकदम रिकामी, तो चलेगी. मुलाला विचारा, हिसाब कायतरी चुकला." मी म्हटलं, विचारते.

परत येताना एकटी होते, डिकी रिकामी. जानव्याच्या वळणावर मुद्दाम स्पीड कमी केला नाही. पांढरी हललीसुद्धा नाही. एवढं वळण आणि कपभर चहा सांडला नसता. बरोबर सांगत होता पोरगा. गाडी बाजूला घेऊन थांबले आणि रडले. रस्त्याने जाणारा एक सायकलवाला थांबून विचारतो, पंक्चर झालं का ताई?

बुध. १२ फेब्रु.

नानांना डोळ्याच्या डॉक्टरकडे धुळ्याला न्यायचं होतं. डिकीत तेलाचे डबे, कारण वाटेत एका घरी लग्न आणि तेल आजच हवं. नाही म्हणता आलं असतं. म्हटलं नाही.

नवलनगरच्या अलीकडे नवा ब्रेकर, कालपर्यंत नव्हता. हळूच घेतला, अगदी हळू. तरी मागची बाजू जी बसली ती दगडावर. आवाज असा आला की मला वाटलं गाडीचे दोन तुकडे झाले. सायलेन्सर निखळून रस्त्यावर. नाना उसळून छताला आपटले. टेंगूळ, सुपारीएवढं. "गाडी शे का मोगरी शे वं ही!" ओरडत होते, म्हणजे ठीक होते. मी त्यांच्या डोक्यावर हात ठेवून बसले. सत्त्याहत्तर वर्षांचा माणूस. मानेला काही झालं असतं तर? मला माझ्या जिवाचं काही वाटलं नव्हतं डिसेंबरात. नाना त्या गाडीत बसतात हे सुचलंच नव्हतं.

ते वर मलाच म्हणाले, "रडू नको माय, लागनं नई मले."

गुरु. १३ फेब्रु.

ऑफिसात फोन केला. सगळं सांगितलं. एक गोष्ट सोडून.

"असं होणारच नाही. मी हिशोब कितीदा तपासलाय." मग म्हणाला, "नाना नीट आहेत ना? तू नीट आहेस? गाडीला हात लावू नकोस. येतो मी."

येतो म्हणाला. हेच हवं होतं ना, बाई? मग आज ताट तसंच का झाकून ठेवलं?

शनि. १५ फेब्रु.

पहाटेच्या बसने आला. बारीक झालाय. दाढी. नानांच्या पाया पडला, टेंगूळ चाचपून पाहिलं, नाना खुशीत. मी वांग्याचं भरीत, भाकरी, मिरचीचा ठेचा केला. जेवला, पण माझ्याकडे न बघता. मग आपल्या जुन्या खोलीत न जाता ओसरीत चटईवर झोपला. उठून गाडीखाली शिरला. दोन तास तिथेच. बाहेर आला तेव्हा म्हणाला, "स्प्रिंगा मी सांगितल्या तशाच आल्यात. म्हणजे वजनच चुकीचं. उद्या काट्यावर नेऊ."

मी म्हटलं, उद्या रविवार, काटा बंद असतो.

"सुकलालकाकांना बोलावून घेऊ."

रवि. १६ फेब्रु.

मिलवर कुणी नाही. अभिने गाडी चढवली, मला आत बसवलं, स्वतः काटाघरात गेला. मला बाहेर ऐकू येत होतं. सुकलालभाऊ बिचारे साधेपणाने सांगत होते, पाऊण मिनिटात सगळं. कट्टी, माती, गाडीवान. आणि मग, "वहिनीले सांगं ना मी तवाच. केवढ्या हासन्यात!"

अभि बाहेर आला. खिडकीपाशी उभा.

"तुला कधी कळलं?"

खोटं सुचत होतं, चांगलं तयार होतं. सांगितलं, ऑर्डर जायच्या आदल्या दिवशी.

"म्हणजे तू फोन केलास तेव्हा..."

"हो."

"काही राहिलं नाही म्हणालीस तू."

"हो."

"का पण?"

"तू बसवायला येणार नव्हतास."

मला वाटलं ओरडेल, ओरडला असता तर बरं झालं असतं. अगदी हळू म्हणाला, "म्हैस आडवी आली म्हणालीस, तेव्हापासून मला झोप नाही. फोन वाजला की वाटतं, रस्त्यावर कुणाला तरी सापडलीस आणि मला कळवतायत. म्हणून हे सगळं केलं मी. आणि तू त्याच गाडीत, मुद्दाम..." गेटाबाहेर निघून गेला, पायी, धुळ्याच्या दिशेने.

मी त्या काट्यावर बसून राहिले. सुकलालभाऊ दोनदा येऊन विचारून गेले, "काय चुकनं मन्हं, वहिनी?" म्हटलं, तुमचं नाही हो.

सोम. १७ फेब्रु.

काल दिवे लागायच्या वेळी परत आला, एसटीने. जेवला नानांकडे. आज सकाळी मी पोळ्या लाटत होते, तर स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा.

"नुसतं ये म्हणाली असतीस."

"म्हणाले होते. दिवाळीला."

"ते ये म्हणजे मिल बघायला ये."

मी लाटणं ठेवलं. म्हटलं, मी असं कधी म्हणाले?

"तू नाही म्हणत. नाना म्हणतात, सुकलालकाका म्हणतात, दूधवाला म्हणतो, कधी सांभाळणार? तू नुसती माझ्याकडे बघतेस. ताटावर बसलो की घास उतरत नाही. मला नाही जमणार ते, आई. पप्पांना सांगायचं राहिलं, तुला कसं सांगू? म्हणून नाही आलो."

मला राग आला. खूप आला. म्हटलं, म्हणून मी काय भिंतीशी बोलायचं का दोन वर्षं? मिल गेली खड्ड्यात! पिवळी की निळी, रबरी झाकण की ग्रीस, मेले मी ते पाठ करून करून, तुझ्याशी बोलायला मिळावं म्हणून! मला काय त्या स्प्रिंगांचं लोणचं घालायचंय? मग जरा थांबले आणि जे खरं होतं तेही म्हटलं. दमलेय रे मी. कुणी सांभाळली मिल तर मला हवीच आहे. पण त्यासाठी नव्हतं बोलावलं.

तव्यावरची पोळी करपली. त्याने चिमट्याने काढून टाकली आणि दुसरी टाकली, मी लाटत राहिले. असं सगळ्या पोळ्या होईपर्यंत.

बुध. १९ फेब्रु.

अभि आणि युसुफभाईंनी मिळून मागच्या निळ्या काढून जुन्या स्प्रिंगा परत घातल्या. पुढून नवी, मागून जुनी. पांढरी आता नमस्कार करायला वाकल्यासारखी दिसते. नाना पायरीवर बसून हसतायत. मागच्या दोन नव्या मागवल्यात, खऱ्या वजनाने. ह्या वेळी मला काट्यावर मोजून घेतलं, सुकलालभाऊंनी तोंड दुसरीकडे फिरवून आकडा सांगितला.

"तोवर तू चालवायची नाहीस," अभि म्हणाला. मग मी जायचं कसं म्हटलं, तर म्हणे, "मी सोडतो."

पुण्याला काय कळवलंय, ठाऊक नाही.

शुक्र. २१ फेब्रु.

त्याने चालवली, मी डावीकडे बसले. ह्या गाडीत त्या बाजूला मी ह्यांच्यानंतर बसलेच नव्हते. गाव सुटेपर्यंत त्याला सांगत होते, पुढे ब्रेकर आहे, इथे खड्डा आहे, गिअर टाक. "आई, झोप," म्हणाला.

आणि मी खरंच झोपले. दिवसाढवळ्या, तोंड उघडं टाकून. जानव्याचं वळण कधी गेलं ते कळलं नाही, नवलनगरही नाही. जाग आली तर गाडी मिलच्या आवारात कडुनिंबाखाली उभी, इंजिन बंद, काचा खाली. माझ्या अंगावर त्याचा स्वेटर. तो तिथेच बसलेला. खिडकीशी सुकलालभाऊ कसला तरी निरोप घेऊन आलेले आणि हा त्यांना बोटाने गप्प राहा म्हणून खुणावतोय. ऊन पार बॉनेटवर आलं होतं. म्हटलं, उठवलं का नाहीस, गाड्या खोळंबल्या असतील. म्हणाला, "खोळंबू दे."

दिवसभर कामात लक्ष लागलं. उद्याही सोडणार आहे. परत कधी जाणार ते मी विचारलेलं नाही. विचारलं तर सांगेल.